उन्हाळा : घरातला आणि कारखान्यातला



ह्या व्याख्यानाची वेळ चालकांनी संध्याकाळी साडेसहाची ठेवली आहे. ती दुपारी दोनची का ठेवली नाही, असा प्रश्न आपल्यापैकी कोणालाही पडला नसेल. वैशाखात दुपारी दोन वाजता सोलापुरातला शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही. आणि पडलाच तर माझे भाषण ऐकायला खासच पडणार नाही. पण ज्या घटकेला आपण दारेखिडक्या लावून पंख्याखाली आडवे झालेलो असतो, त्याच घटकेला ह्या शहरात यंत्रमागाच्या पत्र्याखाली हजारो माणसे उभी असतात, गवंड्याच्या हाताखालची बाई डोक्यावर घमेले घेऊन जिना चढत असते, आणि विडीकाम करणारी मांडीवर सूप घेऊन बसलेली असते. व्याख्यानाची वेळ ठरवताना जो विचार चालकांना सहज सुचला, तो ह्या माणसांच्या कामाची वेळ ठरवताना कोणाला सुचत नाही. आज मी बोलणार आहे तो ह्याच गोष्टीविषयी.

मी डॉक्टर नाही. माझी शाळा सातवीला सुटली, नंतर मागावर उभा राहिलो, आणि पुढचे जे काही शिकलो ते युनियनच्या कामात आणि नगरवाचनालयाच्या रात्रीच्या बाकांवर. तेव्हा माझ्या बोलण्यात वैद्यकाची भाषा सापडणार नाही. ‘घामाला दाम’ अशी घोषणा देण्यात माझी उमर गेली. परंतु घाम म्हणजे काय, हे मात्र मी फार उशिरा शिकलो. आणि शिकलो तेही माझ्याच हातून झालेल्या एका चुकीमुळे.

१९९७ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. मजुरीवाढीसाठी आम्ही मोर्चा काढला. वेळ मीच ठरवली होती, दुपारी बाराची. कारण सकाळची पाळी अर्धी सोडून माणसे आली म्हणजे मालकांच्या डोळ्यांत भरतील, असा माझा हिशेब. कचेरीच्या फाटकापाशी आम्ही दीड तास उभे होतो. निवेदन घेणारा साहेब जेवायला गेला होता. आमच्यात कांड्या भरणारी एक म्हातारी बाई होती, तिला सगळे मावशी म्हणत. ती आधी घोषणा देत होती. मग गप्प झाली. मग काहीतरी विसंगत बोलू लागली. मला वाटले, चिडली आहे. एकजण म्हणाला, “मावशीला चक्कर येतेय, कांदा हुंगवा.” आम्ही कांदा हुंगवला. तिला पाणी पाजायचा प्रयत्न केला, ते ठसक्याने बाहेर आले. रिक्षात घालून दवाखान्यात नेईपर्यंत पाऊण तास गेला. तिसऱ्या दिवशी ती गेली. दाखल्यावर मृत्यूचे कारण ‘हृदयक्रिया बंद पडल्याने’ असे लिहिलेले होते. हृदयक्रिया तर सर्वांचीच शेवटी बंद पडते. ती का बंद पडली, हा प्रश्न दाखल्यात नव्हता.

त्यानंतर मी वाचू लागलो.

माणसाचे शरीर ही एक पेटती शेगडी आहे. नुसते स्वस्थ बसलेले असतानाही जुन्या १०० वॅटच्या दिव्याइतकी उष्णता आपल्या अंगातून निघत असते. कष्टाचे काम सुरू झाले की ती तिप्पट-चौपट होते. आणि आतली पातळी मात्र ३७ अंशांच्या आसपासच राहिली पाहिजे. ती ४० च्या वर गेली की मेंदू, मूत्रपिंड, यकृत ह्यांचे काम बिघडू लागते. म्हणजे ही उष्णता सतत बाहेर टाकली गेली पाहिजे. हवा अंगापेक्षा थंड असेल तर ती आपोआप जाते. पण हवाच ४३ अंश असेल तर उष्णता उलट बाहेरून आत येते. अशा वेळी शरीराजवळ एकच साधन उरते, ते म्हणजे घाम.

ते साधन कसे चालते, हे समजून घ्यायला प्रयोगशाळेत जायला नको. आपल्या घरातला माठ पाहावा. माठातले पाणी गार का होते? भांड्याच्या छिद्रांतून पाणी पाझरते, बाहेर येऊन वाऱ्याने सुकते, आणि सुकताना आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जाते. नुसत्या पाझरण्याने गारवा येत नाही, सुकण्याने येतो. माणसाचे अंगही असेच पाझरणारे भांडे आहे. आणि म्हणूनच माठाला जी दोन दुखणी होतात, तीच दोन माणसालाही होतात.

पहिले दुखणे असे की माठ रिकामा होतो. सोलापूरची मे महिन्यातली हवा कोरडी. घाम येतो आणि दिसायच्या आत सुकतो. अंगाला ओल लागत नाही, म्हणून माणसाला वाटते आपल्याला घाम आलाच नाही. प्रत्यक्षात उन्हात जड काम करणाऱ्याच्या अंगातून तासाला लिटरभर पाणी सहज जाते, आणि त्याबरोबर मीठही जाते. सहा तासांत सहा लिटर गेले आणि तो प्याला दोन तांबे, तर बाकीचे कोठून येणार? रक्त दाटते, लघवी गडद पिवळी होते, पायाच्या पोटऱ्यांत गोळे येतात, डोके ठणकते.

दुसरे दुखणे असे की माठ पाझरतो, पण गार होत नाही. मुंबईत जूनच्या तोंडावर हा अनुभव येतो. हवेतच इतकी ओल असते की आणखी ओल तिला पेलवत नाही; घाम अंगावरून ओघळतो आणि जमिनीवर पडतो. तो घाम फुकट गेला. म्हणून नुसता पारा पाहून उन्हाळा मोजता येत नाही. थर्मामीटरच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून वारा दिला तर तो जो आकडा दाखवतो, त्याला ओल्या फुग्याचे तापमान म्हणतात. माठ जास्तीत जास्त किती गार होऊ शकेल, हे तो आकडा सांगतो. सोलापुरात ४३ अंश आणि हवेत ओल १५ टक्के असेल, तर ओला फुगा सुमारे २३ दाखवील. मुंबईत ३४ अंश आणि ओल ७५ टक्के असेल, तर तो ३० च्या आसपास जाईल. वर्तमानपत्र वाचणाऱ्याला वाटेल मुंबई नऊ अंशांनी सुखी. अंगाचा हिशेब उलटा आहे. ओला फुगा ३५ वर गेला तर सावलीत, वाऱ्यात, भरपूर पाणी पीत बसलेला धडधाकट माणूसदेखील काही तासांपलीकडे तग धरू शकत नाही, असे शास्त्रज्ञ गणिताने सांगत आले. २०२२ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाने तरुण, निरोगी माणसांवर प्रयोग केले, तेव्हा दमट हवेत ती मर्यादा ३१ च्या आसपासच गाठली जाते असे आढळले. ही माणसे अगदी हलके काम करीत होती, माग चालवीत नव्हती.

आता आपल्या शहराची खुबी पाहा. रस्त्यावर हवा कोरडी, म्हणून माठ रिकामा होतो. आणि कारखान्यात? सुताला ओल लागते. हवा कोरडी झाली की सूत तुटते. मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्यात ह्यासाठी मुद्दाम वाफ सोडीत. आपल्या लहान कारखान्यांत फरशीवर पाणी मारतात आणि खिडक्या लावून घेतात. वर तापलेला पत्रा, बाजूला मोटारींची धग, खाली ओलावा. पंखा असला तरी तो बंद, कारण तूस उडून ताण्यात अडकते. म्हणजे बाहेर सोलापूर आणि आत मुंबई, अशी दोन्ही दुखणी एका पाळीत एकाच माणसाला. सुताची इतकी काळजी घेतली जाते ह्याबद्दल माझी तक्रार नाही. मीही विणकर आहे, तुटलेला धागा मलाही खपत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वर्तमानपत्रात येणारा ४३ हा आकडा हवामान खात्याच्या पारा-पेटीतला असतो. ती पेटी पांढऱ्या रंगाची, झरोक्यांची, आत वारा खेळता आणि ऊन वर्ज्य. म्हणजे तो आकडा चांगल्या सावलीतला आहे. पत्र्याखालचा, डांबरी रस्त्यावरचा आकडा कोणी छापत नाही.

विडीकाम करणाऱ्या बायका घरातच असतात, त्यांना उन्हाचा काय त्रास, असे एका सुशिक्षित गृहस्थांनी मला विचारले होते. त्यांना मी एका दुपारी बरोबर नेले. दहा बाय दहाची खोली, वर पत्रा, भिजवलेली पाने, सुपात तंबाखू. पंखा होता, पण लावलेला नव्हता. लावला तर तंबाखू उडते, आणि कमी भरलेल्या विड्या मोजताना बाद होतात. त्याच खोलीत झोळीत मूल, कोपऱ्यात सासरे. ते गृहस्थ दहा मिनिटांत बाहेर आले.

म्हणून मी म्हणतो की ऊन लागणे हा घरादाराचा आजार आहे. बाप कारखान्यात तापून येतो आणि रात्री ज्या खोलीत निजतो तीही निवलेली नसते. दिवसभर तापलेल्या अंगाला रात्री गारवा मिळाला तर ते दुसऱ्या दिवसाला तयार होते. तो मिळाला नाही की कालचे ओझे आज पुन्हा डोक्यावर. आपल्याकडची जुनी माळवदाची घरे मातीच्या जाड थरामुळे दिवसा गार असत, आणि रात्री माळवदावर अंथरूण टाकता येई. ती गेली. त्यांच्या जागी पत्रे आले आणि स्लॅब आले. पत्रा दिवसा छळतो, पण सूर्य मावळला की लवकर निवतो. स्लॅब दुपारची धग साठवतो आणि मध्यरात्रीपर्यंत परत देतो. दोहोंवर स्वस्त उपाय एकच आहे : वरून पांढरा चुना. थोडा गोंद घालून घट्टसर चुन्याचे दोन हात मारले तर पुष्कळसे ऊन आल्या पावली परत जाते. अहमदाबादेत महापालिकेने गरीब वस्त्यांतल्या छपरांवर असे पांढरे हात दिले आहेत. पत्र्यावर पाचट किंवा गोणपाट घालून भिजवण्याची आपली रीतही चांगली. मात्र विजेच्या तारेला ओल लागणार नाही, आणि वाळल्या पाचटाजवळ चूल नाही, हे पाहावे.

पंख्याविषयी एक गैरसमज आहे. हवा ४० अंशांच्या वर गेली की नुसता पंखा अंगावर गरम वाराच मारतो आणि अंग अधिक तापते. अशा वेळी अंग ओले करून पंख्याखाली बसावे. ओल्या पंचाने अंग पुसले, सदरा भिजवून पुन्हा घातला, की पंखा उपयोगी पडू लागतो. पुन्हा माठाचेच तत्त्व.

घरातल्या लहानथोरांविषयी थोडे. म्हाताऱ्या माणसांना तहान कमी लागते. शरीराला पाणी हवे असते, पण मागणी वर पोचत नाही. त्यांना “पाणी हवे का?” असे विचारू नये, तांब्या हातात द्यावा. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारे औषध चालू असेल तर उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच डॉक्टरांना विचारून घ्यावे. आपल्या मनाने ते बंद करू नये. तान्ह्या मुलाच्या बाबतीत आपल्या आया-आज्यांना माझे म्हणणे पटत नाही, तरी सांगतो : सहा महिन्यांपर्यंतच्या मुलाला उन्हाळ्यातसुद्धा वरचे पाणी लागत नाही, अंगावरचे दूध पुरते, मात्र ते अधिक वेळा पाजावे, आणि पाजणाऱ्या आईने स्वतः भरपूर प्यावे. वरच्या पाण्यातून जुलाब होतात, आणि उन्हाळ्यातल्या जुलाबासारखा वैरी नाही. बंद मोटारीत मुलाला ‘दोनच मिनिटे’ म्हणून ठेवणे हा नवा धोका आहे. काचा लावलेली गाडी उन्हात काही मिनिटांत भट्टी होते.

पाण्याबरोबर मीठ आणि थोडी साखर हवी. ताक, पन्हे, लिंबाचे सरबत, नाचणीची आंबील ही आपली जुनी पेये ह्या कसोटीला उतरतात. मीठ-साखर-पाणी ह्या मिश्रणाची थोरवी जगाला कळली तीही आपल्याच देशात. १९७१ साली पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत पटकी पसरली. बनगावला डॉ. दिलीप महालनबीस काम करीत होते. शिरेतून द्यायचे सलाईन पुरेना. त्यांनी साखर, मीठ आणि सोडा पाण्यात कालवून ते पिंपांतून वाटायला सुरुवात केली. पाजायला डॉक्टर नव्हते, आया आणि भाऊच पाजत होते. शंभरात तीसच्या आसपास माणसे मरत होती, तिथे ती संख्या चाराच्या आत आली. घरी करायचे तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चिमटीच्या अंदाजाने मीठ वाढवू नये, जास्त मीठ घातक आहे. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

दारूने उन्हाळा सोसतो असे काही मित्र मानतात. दारू लघवीवाटे पाणी बाहेर काढते. माठाला भोक पाडून गारवा वाढत नाही.

आता मावशीची गोष्ट पुन्हा काढतो, कारण आम्ही त्या दिवशी जे जे केले ते जवळजवळ सगळे चुकीचे होते. भोवळ येणे, मळमळणे, दरदरून घाम, पोटऱ्यांत गोळे ही पहिली पायरी. इथे सावलीत नेऊन, कपडे सैल करून, घोट घोट पाणी दिले तर माणूस सावरतो. पण माणूस बरळू लागला, उगाच भांडू लागला, झोकांड्या देऊ लागला किंवा त्याची शुद्ध हरपू लागली, की तो उष्माघात समजावा. ‘उष्माघातात अंग कोरडे पडते, हा तर घामाने भिजलाय’ असे म्हणून थांबू नये. कष्ट करणाऱ्याला घाम असतानाही उष्माघात होतो. अशा वेळी एकेक मिनिट मोलाचे. कोणी एकाने १०८ ला फोन करावा, आणि बाकीच्यांनी त्याच जागी सावलीत त्याचे कपडे उतरवून अंगावर बादलीने पाणी ओतायला आणि जोराने वारा घालायला लागावे. बर्फ मिळाला तर फडक्यात गुंडाळून काखेत, मानेला, जांघेत ठेवावा. आधी गार करायचे आणि मग हलवायचे, हा क्रम विसरू नये. आम्ही पाऊण तास तिला तापलेल्या रिक्षात तसेच नेले. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये, ते छातीत जाते. तापाची गोळी देऊ नये. हा ताप त्या जातीचा नव्हे. कांदा हुंगवल्याने नुकसान काही होत नाही, फक्त वेळ जातो. आणि वेळच तर नसतो.

अशी चूक एकट्या माझ्या हातून झाली, असेही नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला भर उन्हात, उघड्या मैदानावर मोठा सरकारी समारंभ झाला आणि त्यात १४ माणसे दगावली. त्या दिवशी तिथला पारा ४० च्याही खालीच होता. माणसे भक्तिभावाने आली होती, उठून गेली नाहीत. ती बातमी वाचली तेव्हा मला आमचे फाटक आठवले. जमाव जमवणाऱ्याने, मग तो कोणत्याही झेंड्याचा असो, घड्याळ पाहिलेच पाहिजे.

मरणाची नोंद कशी होते, ह्याला मी महत्त्व देतो त्याचे कारण अहमदाबादेत सापडते. तिथे २१ मे २०१० रोजी पारा ४६.८ वर गेला. उष्माघाताचे म्हणून नोंदलेले मृत्यू थोडेच होते. पण पुढे संशोधकांनी त्या महिन्यातले सगळे मृत्यू मोजले आणि आधीच्या वर्षांशी ताडून पाहिले, तेव्हा नेहमीपेक्षा १,३४४ माणसे अधिक मेली होती. कोणाच्या दाखल्यावर हृदय, कोणाच्या दाखल्यावर मूत्रपिंड, कोणाच्या दाखल्यावर म्हातारपण. आकडा पुढे आला म्हणून महापालिका हलली आणि २०१३ साली उष्णतेशी सामना करण्याची योजना तिथे आखली गेली : आदल्या दिवशी इशारा, पाणपोया, दवाखान्यांत तयारी. अशी योजना आखणारे ते दक्षिण आशियातले पहिले शहर. मोजले गेले नसते तर काहीच झाले नसते.

सवयीचाही एक मुद्दा आहे, तो मालक आणि मुकादम दोघांनाही ठाऊक नसतो. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. तोवर घाम उशिरा सुटतो आणि त्यातून मीठ अधिक जाते. गावच्या जत्रेहून किंवा आजारपणातून परतलेला माणूस जुनाजाणता असला तरी उन्हाच्या बाबतीत पुन्हा नवखा असतो. कामावर ऊन लागून दगावणाऱ्यांत पहिल्या काही दिवसांतली माणसे फार असतात. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्याच्या सरकारी संस्थेची शिफारस अशी की नव्या माणसाला पहिल्या दिवशी पाचव्या हिश्शाइतकेच काम उन्हात द्यावे आणि रोज तेवढेच वाढवत न्यावे. आपल्याकडे उलट : नव्याची ताकद अजमावायची म्हणून पहिल्याच दिवशी त्याला सर्वांत जड काम.

आणि नुसते पाणी पुरत नाही, विसावाही लागतो. निकाराग्वा आणि एल साल्वाडोर ह्या मध्य अमेरिकेतल्या देशांत ऊस तोडणाऱ्या तरुणांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली; ना मधुमेह, ना रक्तदाब. उष्णतेत रोज मोडेस्तोवर काम हे त्याचे मोठे कारण असल्याचे पुढे आले. तेव्हा काही मळ्यांत पाणी, सावली आणि ठरावीक विसावा अशी पद्धत सुरू करण्यात आली. आपल्या जिल्ह्यातही ऊस आहे, म्हणून हे सांगितले.

विसाव्याची मागणी काही परदेशातून आलेली नाही. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी मुंबईच्या साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. त्यात रविवारच्या सुट्टीची मागणी होती, हे सर्वांना माहीत आहे. ती १८९० साली मिळाली. पण त्याच निवेदनात दुपारच्या अर्ध्या तासाच्या सुट्टीचीही मागणी होती, ती फारशी कोणाच्या लक्षात नसते. १९४८ च्या कारखाना कायद्याने अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात उन्हाळ्यात गार पाणी देणे सक्तीचे केले. गिरण्या होत्या तोवर त्याला अर्थ होता. आपल्याकडे आता एकेका पत्र्याखाली आठ-दहा माणसे असतात, आणि शेजारचे चार पत्रे एकाच घरचे असले तरी कागदावर चार नावांचे असतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जी नवी संहिता लागू झाली तिने तर वीज वापरणाऱ्या कारखान्याची व्याख्याच दहा कामगारांवरून विसावर नेली. म्हणजे आठ जणांचे काय, ह्याचे उत्तर कायद्यात शोधून सापडायचे नाही. ते त्या आठ जणांनी आणि मालकाने समोरासमोर बसूनच काढावे लागते.

तसे आम्ही काही ठिकाणी काढले. एका कारखान्यात मालकाशी बोलणे लावले : एप्रिल-मेमध्ये दुपारी एक ते चार माग बंद, पाळी पहाटे लवकर, छपराला चुना, दोन माठ. मालक भला माणूस, पण विजेचा दर आणि घेतलेली ऑर्डर ह्यांच्या कात्रीत सापडलेला. पहिली मागणी त्याने अर्धी मानली, एक ते अडीच. चुना मानला. माठ तर दुसऱ्याच दिवशी आणले. पंधरा दिवसांनी मी गेलो तेव्हा पुरुष तांब्यावर तांबे पीत होते आणि कांड्या भरणाऱ्या चारही बायकांच्या जवळची भांडी भरलेलीच. मी जरा रागावूनच विचारले, “अहो ताई, इतकी भांडणे करून पाणी आणले, आणि तुम्ही पीत नाही?” त्यांतली एक खाली मान घालून म्हणाली, “दादा, पाणी पिऊन जायचं कुठं?”

संडास कारखान्यात होता. त्याला कुलूप होते आणि किल्ली मुकादमाच्या खिशात. दर वेळी त्याच्यापुढे हात पसरायला नको, म्हणून त्या सकाळपासून कोरड्या राहत. तीस वर्षे मी बायकांच्या मजुरीवर भाषणे केली, आणि हा साधा हिशेब मला कळला नव्हता. ज्या घरात आई दिवसभर पाणी पीत नाही त्या घरात कोकमाचे सरबत करून काय उपयोग? मला वाटते, मावशीही त्या दिवशी सकाळपासून पाणी न पिताच मोर्चाला आली असेल. मोर्चाच्या वाटेवर बायकांची सोय कोठे आहे, हे मी पाहिले नव्हते.

मुकादमाशी वाद घालायची वेळ आली नाही. त्याला फक्त सांगावे लागले. त्याच्याही ते डोक्यात आले नव्हते. किल्ली आता कांड्यांच्या यंत्राशेजारी भिंतीवर खिळ्याला टांगलेली असते.